फ्रेकल्सवर लेझर : क्लिनिकची पायरी चढण्याआधी

शाळेत मला ‘तीळवडी’ म्हणायचे. नाकाच्या दांडीवर आणि गालांच्या वरच्या भागावर बारीक तपकिरी ठिपके. मे महिन्याच्या सुट्टीनंतर भरगच्च, थंडी संपेपर्यंत थोडे फिके. आजी त्यांना वांग म्हणायची, आई डाग म्हणायची आणि पार्लरमधली ताई पिगमेंटेशन. ते फ्रेकल्स आहेत हे मला तिशी उलटल्यावर कळलं, तेही एकदा तोंड भाजून घेतल्यावर.

झालं असं, की भावाचं लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात होतं. घराजवळच्या एका ‘स्किन अँड हेअर’ सेंटरमध्ये सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं. एकरकमी पैसे भरले तर सूट होती. ऐन मे महिना, रोज स्कूटीवरून ऑफिस, चेहरा उन्हानं रापलेला. कोणी काही विचारलं नाही, मीही काही विचारलं नाही. दुसऱ्या सिटिंगनंतर गालांवर चौकोनी पट्टे उमटले, इस्त्रीचा चटका बसावा तसे. लग्नाच्या बहुतेक फोटोंत मी तोंड वळवून उभी आहे. पट्टे जायला सात महिने लागले. आणि ते यंत्र लेझर नव्हतंच, हे त्याच्याही नंतर समजलं.

पुढे दीडेक वर्षानं मी रीतसर लेझर करून घेतला आणि तो नीट झाला. या दोन्हींच्या मधल्या काळात जे कळत गेलं ते इथे पायऱ्यांनी लिहिते. मी डॉक्टर नाही. तुमच्या चेहऱ्याचं काय करायचं हे तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवायचं, पण त्यांच्यासमोर बसून नुसती मान डोलवायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

१. ठिपक्याचं खरं नाव काढून घ्या

सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. आपल्याकडे चेहऱ्यावर काहीही तपकिरी दिसलं की ते ‘वांग’. लेझरला मात्र यातला फरक चांगलाच कळतो, आणि चुकीच्या डागावर तो मारला तर डाग वाढतो.

फ्रेकल्स लहानपणीच दिसायला लागतात, बहुतेकदा गोऱ्या किंवा निमगोऱ्या मुलांच्या नाका-गालांवर. एकेक ठिपका बारीक, सपाट, सुटा सुटा. उन्हात गडद होतात, ऊन कमी झालं की फिकटतात. घराण्यात असतात. एमसीवनआर नावाच्या जनुकाशी त्यांचा जवळचा संबंध आहे. त्या जागी रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त नसतात, असलेल्याच पेशी जास्त मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, बनवतात. हा रंग त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात असतो, म्हणून लेझरला तो सापडतो.

ज्याला आपण खरा वांग म्हणतो तो डॉक्टरांच्या भाषेत मेलास्मा. दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखा पसरलेला ढगासारखा पट्टा. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना उमटतो, उन्हानं आणि उष्णतेनं भडकतो. यात लेझर हा पहिला इलाज नाही. आधी मलमं आणि सनस्क्रीन, आणि लेझर केलाच तर अगदी हलक्या हातानं. नाहीतर तो उलटतो. माझ्या मावशीला मेलास्मा आहे. ‘तुझे गेले, मग माझे का नाही जाणार?’ म्हणून ती हट्ट धरून बसली होती. तिची समजूत काढायला मला माझ्या सिटिंगपेक्षा जास्त वेळ लागला.

बाकीचे थोडक्यात:

- वय वाढल्यावर येणारे, उन्हाळ्या-हिवाळ्यात न बदलणारे थोडे मोठे सपाट डाग म्हणजे लेंटिगो. यांना लेझर बऱ्याचदा लागू पडतो.
- गळ्यावर, डोळ्यांच्या कडेला आलेले काळे, हाताला लागणारे बारीक दाणे बहुतेकदा डीपीएन असतात. ते कॉटरीनं (विजेवर तापवलेल्या टोकानं जाळून) किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं काढतात.
- डोळ्याभोवती आणि गालावर एकाच बाजूला निळसर-राखाडी छटा असेल तर तो ओटाचा नीव्हस असू शकतो. ओटा हे जपानी त्वचारोगतज्ज्ञांचं नाव. यात रंग खोल असतो, त्यामुळे सिटिंग जास्त लागतात, पण लेझरचा उपयोग चांगला होतो.
- तीळ हा तीळच. तो कधीही ‘जाता जाता’ लेझरनं उडवून घेऊ नका.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं अधिक. एखादा तीळ एका अंगानं वाढतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, आकार सहा मिलिमीटरच्या वर गेलाय किंवा त्यातून रक्त येतंय, असं असेल तर आधी तपासणी आणि गरज पडली तर बायोप्सी. लेझरनं वरचा रंग गेला तर खालचा आजार झाकला जातो आणि तपासायला काही उरत नाही.

आणि लहान मुलांबद्दल एक. पहिल्या दोन वर्षांतच चेहराभर ठिपके येत असतील, थोड्या उन्हातही कातडी भाजत असेल, उजेडात डोळे मिटून घेत असेल, तर त्याला कौतुकानं फ्रेकल्स म्हणू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. झिरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार असा सुरू होतो. जवळच्या नात्यात लग्नं होतात त्या घरांत त्याची शक्यता जास्त.

२. लेझर करतो तरी काय, ते समजून घ्या

‘लेझर कातडी सोलतो’, ‘लेझर कातडी जाळतो’, ‘लेझरनं कॅन्सर होतो’. ही तीन वाक्यं मला वेगवेगळ्या तीन जणांनी ऐकवली, त्यातली एक व्यक्ती बी.एस्सी. होती.

मे महिन्यात देवळाच्या आवारात अनवाणी चालून बघा. काळी फरशी पोळते, आणि शेजारीच मारलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय टेकवता येतो. ऊन दोन्हींवर सारखंच पडतं, पण काळा रंग ते शोषतो. फ्रेकल्सचा लेझर नेमका यावर चालतो. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश ठिपक्यातलं मेलॅनिन शोषून घेतं, तापतं आणि फुटतं. आजूबाजूची फिकी त्वचा बरीचशी वाचते. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी १९८३ साली हे तत्त्व नीट मांडलं. गंमत आहे ती वेळेत. प्रकाशाचा झोत इतका कमी वेळ टाकायचा, की उष्णता शेजारी झिरपायच्या आत काम झालेलं असावं. क्यू-स्विच्ड नावाच्या लेझर यंत्रात हा झोत काही नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतकाच असतो. पिको यंत्रात त्याहूनही कमी.

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे गैरसमज आपोआप गळतात.

कॅन्सरचं म्हणाल तर हा प्रकाश एक्स-रे किंवा अतिनील किरणांसारखा नाही. फ्रेकल्ससाठी वापरतात तो ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश किंवा १०६४ नॅनोमीटरचा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशीतल्या डीएनएला तशी इजा करत नाही.

‘लेझरनं चेहरा गोरा होतो’ हेही यातच निकालात निघतं. ठिपका गेला की चेहरा एकसारखा दिसतो, इतकंच. आपला जन्माचा रंग आहे तोच राहतो, आणि तो बदलून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठून यावं.

‘सावळ्यांना लेझर चालत नाही’ हा जुना समज. त्वचेचा रंग आणि ती उन्हात भाजते की रापते यावरून केलेल्या फिट्झपॅट्रिकच्या सहा प्रकारांच्या मोजपट्टीवर बहुतेक भारतीय त्वचा तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात बसते. लेझर चालतो, पण जपून: ताकद कमी ठेवून, आधी चाचणी करून, दोन सिटिंगमध्ये अंतर राखून. आपल्या त्वचेला खरा धोका असतो तो नंतर उमटणाऱ्या काळेपणाचा. भाजलं, खरचटलं, पुळी फुटली की आपल्याकडे डाग राहतो ना, तोच प्रकार.

आता माझ्या चौकोनी पट्ट्यांची गोष्ट. ते यंत्र होतं आयपीएल. त्यात एका तरंगलांबीचा झोत नसतो, बऱ्याच तरंगलांबींचा मिश्र प्रकाश काचेच्या चौकोनी तुकड्यातून सोडतात. जाणत्या हातात आणि फिक्या त्वचेवर तेही फ्रेकल्सवर काम करतं. पण माझा अख्खा चेहरा उन्हानं काळवंडलेला, म्हणजे सगळी फरशीच काळी. ठिपक्याबरोबर सगळं पोळलं. ‘लेझर आहे का?’ विचारल्यावर ‘हो, सेमच असतं’ असं उत्तर मिळालं तर ते सेम नसतं, एवढं लक्षात ठेवा. केस काढायचं लेझरही वेगळं असतं. ‘आमच्याकडे एकाच मशीनमध्ये सगळं होतं’ या वाक्यावर भाळू नका.

३. महिना ठरवा, मुहूर्त नंतर

रापलेल्या चेहऱ्यावर लेझर नको, आणि लेझरनंतर काही आठवडे ऊन नको. आपल्या हवामानात याचा अर्थ एवढाच की मार्च ते मे टाळा. ऑक्टोबर हीट सरल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास सुरुवात केली तर दोन-तीन सिटिंग फेब्रुवारीपर्यंत निघतात. पावसाळ्यात ढग असले तरी अतिनील किरणं बऱ्यापैकी खाली येतातच, त्यामुळे ‘ऊनच नाही, आत्ता करून टाकू’ हा हिशेबही फसवा.

शेतावर, बांधकामावर, डिलिव्हरीवर किंवा वाहतूक नियंत्रणाच्या कामावर दिवस उन्हात जात असेल तर डॉक्टरांना हे पहिल्या वाक्यात सांगा. कदाचित ते लेझर नकोच म्हणतील, आणि तो प्रामाणिक सल्ला असेल.

लग्न किंवा साखरपुडा असेल तर शेवटचं सिटिंग आणि कार्य यांत निदान तीन महिने ठेवा. काळेपणा उमटणार असेल तर तो दोन-चार आठवड्यांनी उमटतो आणि ओसरायला महिने घेतो. ताज्या लेझरवर हळद चोळून घेणारी नवरी मी पाहिलेली आहे. तुम्ही ती होऊ नका.

४. डॉक्टर निवडा, यंत्र आणि ऑफर नंतर बघा

पाटीवर ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलेलं असलं म्हणून ती व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ आहे असं होत नाही. एमबीबीएसनंतर त्वचारोगातलं एमडी, डीएनबी, डीडीव्हीएल किंवा डीव्हीडी असं काहीतरी हवं. (डीव्हीडी ही खरीच वैद्यकीय पदविका आहे, हसू नका. मीही हसले होते.) नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पाच मिनिटांचं काम.

फोनवर किंवा समोर बसून हे प्रश्न विचारा:

- लेझर डॉक्टर स्वतः करणार की टेक्निशियन? टेक्निशियन असेल तर डॉक्टर त्या वेळी खोलीत किंवा निदान क्लिनिकमध्ये असणार का?
- यंत्र कोणतं? क्यू-स्विच्ड एनडी-याग, पिको, की आयपीएल?
- माझ्या रंगाच्या रुग्णांवर तुम्ही हे केलंय का, आणि त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवाल का?
- काळेपणा उमटला तर त्यावरचे उपचार याच पैशांत की वेगळे?
- बिलात तपासणी, टेस्ट पॅच (छोट्या जागेवरची आधीची चाचणी), भूल देणारं क्रीम, जीएसटी हे धरलंय का?

‘पिको आहे म्हणजे बेस्ट’ हाही समज काढून टाका. पिको चांगलंच आहे, पण पहिलं पिको लेझर २०१२ च्या शेवटी अमेरिकेत मंजूर झालं ते मुळात टॅटू काढण्यासाठी. फ्रेकल्ससाठी साधं क्यू-स्विच्ड यंत्र जाणत्या हातात उत्तम काम करतं. महागडं यंत्र अजाण हातात गेलं तर भाजणं तेवढं महाग पडतं.

पॅकेजचा सापळा: सहा, आठ, दहा सिटिंग आगाऊ विकली जातात. फ्रेकल्स एक ते तीन सिटिंगमध्ये बऱ्यापैकी जातात, कधी एखादं जास्त. पहिल्या सिटिंगचा निकाल पाहिल्याशिवाय पुढचे पैसे भरू नका. त्यातच ‘लेझर टोनिंग’ किंवा ‘कार्बन पील’ जोडून दिलं जातं. तो चेहराभर हलका लेझर फिरवायचा वेगळा प्रकार आहे आणि फ्रेकल्सवरचा नेमका उपाय नव्हे. टोनिंग दर आठवड्याला अनेक महिने करत राहिलं तर काही जणांना कोथिंबीर भुरभुरावी तसे पांढरे ठिपके पडतात, आणि ते काळ्या डागांपेक्षा हट्टी असतात.

खासगी परवडत नसेल तर मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांतली त्वचारोग ओपीडी विसरू नका: पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे. केस पेपर काढून निदान तरी पक्कं करून घ्या. लेझरची सोय, तारीख आणि शुल्क तिथेच विचारा. आरोग्य विम्यावर मात्र भिस्त ठेवू नका. सौंदर्यासाठीचे उपचार विम्याच्या नेहमीच्या अपवादांत येतात.

५. पहिली भेट : काय न्यायचं, काय सांगायचं

चेहरा धुऊन, काहीही न लावता जा. बरोबर हे घ्या:

- लहानपणचा एखादा फोटो. आठवी-नववीतला चेहरा स्पष्ट दिसणारा असेल तर उत्तम. ठिपके कधीपासून आहेत ते त्यात कळतं.
- उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला एकेक फोटो, फिल्टर न लावलेला.
- आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी किंवा सरळ पाकिटंच.
- चेहऱ्याला लावत असलेल्या सगळ्या ट्यूब. संपलेल्याही.
- आधी कुठे लेझर, पील वगैरे केलं असेल तर त्याची कागदपत्रं आणि तारखा.
- ओळखपत्र, आणि संमतीपत्र घरी वाचायला मागून घेण्याइतका निगरगट्टपणा.

ट्यूब न्यायला का सांगते? कारण मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेली, मैत्रिणीनं सुचवलेली ‘डागाची क्रीम’ बऱ्याचदा तीन औषधांचं मिश्रण असते: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. सुरुवातीला चेहरा चकचकीत दिसतो. महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, चेहऱ्यावर बारीक केस येतात आणि क्रीम थांबवली की आग होते. २०१८ साली अशा १४ स्टेरॉइड मलमांवर सरकारनं चिठ्ठीची सक्ती आणली, तरी गल्लीत काय चालतं ते आपण बघतोच. अशा चेहऱ्यावर लेझर मारला तर काय होईल याचा भरवसा नाही. म्हणून लपवू नका.

डॉक्टरांना न विसरता सांगायच्या गोष्टी: गरोदर आहात किंवा तसा विचार आहे, ओठावर तापाच्या पुळ्या (हर्पिस) वरचेवर येतात, जखमेचा व्रण फुगून वाढतो, अंगावर कोड आहे किंवा घरात कुणाला आहे, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू आहे, संधिवातासाठी पूर्वी कधी सोन्याची इंजेक्शनं घेतली होती. शेवटचं ऐकून हसू येईल, पण ती इंजेक्शनं घेतलेल्यांच्या त्वचेवर क्यू-स्विच्ड लेझर पडला तर तिथे निळसर-राखाडी रंग येऊ शकतो आणि तो घालवणं कठीण. घरातल्या आजी-आजोबांच्या पिढीसाठी ही गोष्ट कामाची आहे.

तपासताना डॉक्टर डर्मोस्कोप, म्हणजे भिंगासारखं यंत्र, त्वचेला टेकवून बघतील. लांबूनच नजर टाकून ‘हो हो, लेझरनं जाईल’ म्हणाले तर दुसरं दार बघा.

६. तयारी : घरगुती कारखाना बंद

निदान महिनाभर आधी हे थांबवा: ब्लीच, वॅक्सिंग, स्क्रब, पील, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून रेटिनॉलची क्रीमसुद्धा.

लिंबू तर आजच बंद करा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्यातली द्रव्यं आणि ऊन मिळून कातडी भाजते आणि महिनोन्महिने काळी राहते. जायफळ दुधात उगाळून लावायची पद्धत घराघरांत आहे. माझ्या आजीची सहाण अजून माझ्याकडे आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. पण सहाणेवर उगाळलेल्या खरखरीत लेपानं चेहरा चोळून लेझरला जायचं नसतं. फ्रेकल्स त्यानं जात नाहीत हे मी सहावी ते दहावी रोज लावून सिद्ध केलेलं आहे.

काही डॉक्टर दोन-चार आठवडे आधी रंग कमी करणारं मलम देतात. ते त्यांच्याच चिठ्ठीनं, सांगितलं तेवढेच दिवस.

सनस्क्रीनची सवय मात्र आत्तापासून लावा. ‘लेझर झाल्यावर लावेन’ म्हणणारे नंतरही लावत नाहीत. एसपीएफ ३० किंवा जास्त, यूव्हीए आणि यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार अडवणारं. तर्जनी आणि मधलं बोट भरून दोन रेघा, चेहरा आणि मानेसाठी. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. लोहाचे ऑक्साइड असलेलं, किंचित मातकट रंगाचं सनस्क्रीन आपल्या त्वचेला जास्त सोयीचं, कारण दिसणारा प्रकाशही आपला रंग गडद करतो आणि ते तोही अडवतं. पुण्यातल्या पोरी स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात त्याची टिंगल होते, पण सनस्क्रीनवर तो स्कार्फ म्हणजे दुहेरी तटबंदीच.

७. टेस्ट पॅच : कंटाळवाणा, पण सोडू नका

कानाजवळच्या दोन-चार ठिपक्यांवर लेझर मारून चार ते आठ आठवडे वाट बघायची. ‘तेवढ्यासाठी एक खेप?’ असं वाटतं. वाटू द्या. काळेपणा उमटायचा असेल तर तो दोन बोटांच्या जागेत उमटू दे. माझा पॅच सव्वा महिन्यानं स्वच्छ निघाला, तेव्हा कुठे मला रात्री झोप लागली.

८. सिटिंगचा दिवस

दुखतं का? रबरबँड ताणून गालावर सोडल्यावर जसं चटकन लागतं, तसं. ठिपके मोजके असतील तर भूल देणारं क्रीमही लागत नाही. लावायचं असेल तर ते क्लिनिकमध्येच, पाऊणएक तास आधी; स्वतः मेडिकलमधून आणून घरून मानेपर्यंत माखून येऊ नका, जास्त जागेवर लावलेलं औषध रक्तात जातं.

डोळ्यांवर संरक्षण आल्याशिवाय यंत्र सुरू होऊ देऊ नका. तुमच्या डोळ्यांवर अपारदर्शक झाकणं किंवा धातूची ढाल, आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या तरंगलांबीचा चष्मा. सोबत आलेल्या व्यक्तीलाही. १०६४ चा झोत दिसत नाही, तो डोळ्यात गेला तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

ठिपक्यावर झोत पडला की ‘टिक्’ असा आवाज येतो, कधी केस जळल्यासारखा वास, आणि ठिपका क्षणात पांढुरका होतो. घाबरू नका. याला फ्रॉस्टिंग म्हणतात, ते थोड्या वेळात मावळतं. माझं सगळं मिळून दहा-बारा मिनिटांत आटोपलं. बाहेर आले तेव्हा नवऱ्यानं चहाचा दुसरा घोटही घेतला नव्हता.

९. पुढचे दहा दिवस

इथे दुसरा मोठा गैरसमज: ‘लेझरनंतर ठिपके जास्त काळे झाले, म्हणजे बिघडलं.’ बिघडलेलं नसतं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठिपक्यांवर कॉफीच्या भुकटीसारखी पातळ खपली धरते. चेहऱ्यावर ती साधारण पाच ते दहा दिवसांत आपोआप गळते. आरशात आपला चेहरा मिरपूड शिंपडलेल्या काकडीसारखा दिसतो, पण मीटिंगला जाता येतं.

- पहिल्या दिवशी स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून शेक. बर्फ थेट त्वचेवर नको.
- डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली. खपली कोरडी पडू द्यायची नाही.
- खपली नखानं काढायची नाही. झोपेतही नाही, म्हणून नखं आधीच कापा.
- वाफ, व्यायामशाळेतला घाम, पोहण्याचा तलाव, मेकअप, थ्रेडिंग हे सगळं खपली गळेपर्यंत बंद.
- खपलीवर काय लावायचं हे डॉक्टर सांगतील. पण सावली, टोपी, छत्री पहिल्या तासापासून.

पाण्याचे फोड, पू, वाढत जाणारं दुखणं, ताप किंवा ओठाभोवती पुळ्यांचा घोस दिसला तर वाट न बघता फोन करा. दोन-चार आठवड्यांनी त्या जागी तपकिरी सावली उमटली तर तो लेझरनंतरचा काळेपणा. ती सावली पुन्हा लेझर मारून घालवायला जाऊ नका. माझ्या पट्ट्यांवर ‘अजून एक सिटिंग करू, जाईल’ असा सल्ला मला मिळाला होता. नशीब, मी भांडून निघून आले. अशा वेळी सनस्क्रीन, डॉक्टरांचं मलम आणि वेळ, एवढंच. पुढचं सिटिंग सगळं शांत झाल्यावर, दीड-दोन महिन्यांनी.

१०. परत आले तर?

येतात. ‘कायमचे जातात’ हा जाहिरातीतला शब्द आहे. लेझर त्या वेळी साठलेला रंग फोडतो. तुमचं जनुक आणि रंग तयार करणाऱ्या पेशी जागच्या जागीच असतात. ऊन मिळालं की त्या कामाला लागतात. कुणाचे वर्षभरात थोडे परततात, कुणाचे चार वर्षं दिसत नाहीत; बराचसा फरक उन्हातल्या वागण्याचा.

म्हणून पैसे भरण्याआधी एकदा स्वतःला विचारून बघा, की हे ठिपके मला खुपतात की माझ्या आत्याला. फ्रेकल्स हा आजार नाही आणि त्यांना काही न करणं हाही पूर्ण वैद्यकीय पर्याय आहे. माझ्या डॉक्टरांनी हा पर्याय यादीत पहिला सांगितला होता, आणि बहुधा त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मी गालांवरचे काढले, नाकावरचे ठेवले. तीन वर्षं झाली. मध्यंतरी तारकर्लीला चार दिवस राहून आलो, समुद्रात सनस्क्रीन किती टिकणार. उजव्या गालावर सहा ठिपके परत दिसायला लागले. नवीन फोटो काढून तारखेसह फोल्डरमध्ये ठेवलेत. दिवाळीनंतर बघू, तोवर काही आपोआप फिकटतील.